दशीचे पुन्हा सूत
इचलकरंजीच्या मागाखाली पडणारा धागा आणि त्याच्या पुनर्जन्माची वाट

इचलकरंजीच्या कोणत्याही गल्लीत शिरले की आधी कानावर येतो तो मागांचा खडखडाट. कारखान्याच्या दारातून आत डोकावले, तर एका ओळीत चालणारे यंत्रमाग, कांड्यांच्या टोपल्या आणि घडी पडत जाणारे कापड दिसते. या सगळ्यात सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती वस्तू कोपऱ्यात असते. ते असते एक पोते. तुटलेले धागे, कांडीवर उरलेले सूत, कापडाच्या कडेची कापलेली किनार, बीम संपताना राहिलेल्या दशा असे सारे त्या पोत्यात जमा होते. पांढरे, रंगीत, सुती, पॉलिस्टर असा कसलाच भेद न करता ते भरले जाते आणि भरले की वजनावर विकले जाते. मालकाच्या हिशेबात त्याची नोंद एका शब्दात होते : वेस्टेज.

या एका शब्दापाशी थांबून विचार करण्याची वेळ आता आली आहे. त्या पोत्यातील बराचसा माल हा कचरा नसून शेतकऱ्याने पिकवलेला, गिरणीने कातलेला, केवळ विणून व्हायचा राहिलेला धागा आहे. त्याचे पुन्हा सूत आणि त्या सुताचे पुन्हा कापड होऊ शकते. जगात याला आज ‘चक्रीय उत्पादन’ असे नाव मिळाले आहे. मात्र हे चक्र फिरणार की अडणार, हे मोठ्या यंत्रावर ठरण्याआधी त्या कोपऱ्यातील पोत्यातच ठरते.

वस्त्रनगरीचा वारसा

कोल्हापूर जिल्ह्याचा कापडाशी असलेला संबंध शतकाहून जुना आहे. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूत कातण्याची आणि कापड विणण्याची गिरणी स्थापन केली. तीच पुढे शाहू मिल म्हणून ओळखली गेली. शाहू मिलचा भोंगा या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत थांबला. इचलकरंजीचे माग मात्र वाढतच गेले. आज शहरात आणि परिसरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत. सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या, त्यांत इंदिरा गांधी महिला सहकारी सूतगिरणीसारखी महिलांच्या सहकारातून उभी राहिलेली गिरणीही आहे. सायझिंग, प्रोसेसिंग आणि गारमेंट अशा जोडधंद्यांचे जाळे विणले गेले. दत्ताजीराव कदम यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थेने १९८२ मध्ये सुरू केलेली वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘डीकेटीई’, येथील मुलांना याच धंद्याचे शास्त्र शिकवते.

या उद्योगातील अनेक घराण्यांत तीन-तीन पिढ्या मागावर वाढल्या. आजोबांच्या काळी मागाखालचा धागा वाया जाऊ देत नसत. लांब तुकडे गाठ मारून पुन्हा कांडीवर घेतले जात आणि उरलेल्या गुंत्याने यंत्राचे तेल पुसले जाई. घरातही तोच संस्कार होता. आजीचे जुने लुगडे आणि आजोबांचे धोतर एकावर एक अंथरून त्यांची वाकळ शिवली जाई. वाकळ विरली की तिचे पायपुसणे होई आणि पायपुसण्याचे शेवटी चूल सारवायचे पोतेरे. कापडाचे आयुष्य असे पायरीपायरीने उतरत जाई आणि प्रत्येक पायरीवर ते कोणाच्या तरी उपयोगी पडे.

आज बदल झाला आहे तो प्रमाणात आणि कापडाच्या जातीत. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्र-कचरा जमा होतो. जगातील अशा कचऱ्याच्या तो साडेआठ टक्के आहे. त्यातील सुमारे ५९ टक्के भाग या ना त्या रूपाने वस्त्रोद्योगात परत येतो, हे आपल्या भंगारवाल्यांचे, चिंधी वेचणाऱ्या स्त्रियांचे आणि छोट्या कारखानदारांचे श्रेय आहे. बाकीचा भाग मात्र जळतो, गाडला जातो किंवा नाल्यात जातो. जगाचे चित्र याहून निराशाजनक आहे. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे, कपडे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्याच्या रूपात परततो.

कचऱ्याच्या तीन जाती

कापडाच्या धंद्यात उरणारा माल एकाच प्रकारचा नसतो. सूतगिरणीत उरतो तो कापूस किंवा पेळू. त्याला अजून पीळ पडलेला नसतो, त्यामुळे तो सरळ पुन्हा मिश्रणात घेता येतो. बारीक सुतासाठी कापूस विंचरताना जो आखूड तंतू बाजूला निघतो, त्यालाही धंद्यात फार पूर्वीपासून गिऱ्हाईक आहे. जाड सूत कातणाऱ्या ओपन-एंड गिरण्या तो आनंदाने घेतात. ही कचऱ्याची सर्वांत सोपी जात होय.

दुसरी जात मागाखालची आणि शिवणकामाच्या टेबलाखालची. येथे तंतूला पीळ पडलेला असतो, तो विणलेलाही असतो. नव्या रॅपिअर मागांवर कापडाच्या कडेला एक वेगळी पट्टी विणून ती लगेच कापून टाकावी लागते. प्रत्येक आडव्या धाग्याची काही सेंटिमीटर लांबी अशी वाया जाते, आणि माग दिवसरात्र चालतात. पुढे गारमेंटमध्ये बाही, कॉलर, खिसा यांचे आकार बेतताना साधारणपणे दहा ते पंधरा टक्के कापड कतरण म्हणून खाली पडते. हा माल स्वच्छ असतो, कोणाच्या अंगाला लागलेला नसतो आणि मुख्य म्हणजे तो कशाचा आहे हे कारखानदाराला नक्की ठाऊक असते.

तिसरी जात घराघरांतून निघणाऱ्या जुन्या कपड्यांची. त्यात बटणे, चेन, अस्तर, शिवणीचा पॉलिस्टर दोरा, मळ, डाग असे सारे एकत्र असते. सदरा सुती दिसतो, पण त्यात किती सूत आणि किती पॉलिस्टर हे लेबल निघून गेल्यावर डोळ्यांना कळत नाही. ही सर्वांत अवघड जात.

इचलकरंजीचे भाग्य असे, की तिच्याकडे दुसऱ्या जातीचा माल विपुल आहे. ज्या गावात कापड जन्मते, त्या गावात उरलेल्या धाग्याचे कूळ माहीत असते. ही माहितीच त्याची किंमत ठरवते.

चिंधीचे सूत कसे होते

ही प्रक्रिया कळायला कठीण नाही. प्रथम कापडाचे छोटे तुकडे करतात. मग ते तुकडे पोलादी दातांच्या फिरत्या ड्रमांमधून जातात. पहिल्या ड्रमाचे दात मोठे व विरळ असतात आणि पुढच्या ड्रमांवर ते बारीक व दाट होत जातात. विणकामाने आणि पिळाने जे एकत्र बांधले होते, ते येथे ओरबाडून सुटे केले जाते. शेवटी हातात येतो तो कापसासारखा मऊ पुंजका. तो पिंजून त्याचा पेळू करतात आणि पेळूपासून रोटरवर सूत काततात.

या ओरबाडण्याची किंमत मोजावी लागते. तंतू तुटतो. चांगल्या कापसाचा तंतू अठ्ठावीस-तीस मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. फाडून निघालेला बराचसा तंतू त्याच्या निम्म्याहूनही आखूड होतो. आखूड तंतूंना एकमेकांत नीट गुंफता येत नाही, म्हणून सूत कमकुवत आणि जाड होते. त्यासाठी त्यात नवा कापूस किंवा लांब पॉलिस्टर तंतू मिसळावा लागतो. पॉपलीन, कॅम्ब्रिक यांसारख्या बारीक कापडाला तीस-चाळीस नंबरचे किंवा त्याहून वरचे सूत लागते. चिंधीचे सूत बहुधा सहा ते वीस नंबरच्या दरम्यान बसते. त्याचे टॉवेल, चादर, सतरंजी, पडदे, डेनिम, जाड पिशव्या उत्तम होतात. पॉपलीनची पॉपलीन मात्र सहसा होत नाही. हे स्पष्टपणे सांगितलेले बरे, कारण ‘पुनर्निर्मित’ असा शिक्का मारला की कापड अनंत काळ फिरत राहते, असा समज झपाट्याने पसरतो आहे.

या पद्धतीत एक मोठा लाभ दडलेला आहे. चिंध्या रंगावार निवडल्या, तर लाल चिंधीचे लाल आणि निळ्या चिंधीचे निळेच सूत निघते. त्याला नव्याने रंगवावे लागत नाही. रंग नाही म्हणजे रंगाचे पाणी नाही, ते तापवण्याचे इंधन नाही आणि नाल्यात सोडावे लागणारे सांडपाणीही नाही. ज्या शहराच्या प्रोसेसिंगचे सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे, पंचगंगेच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत गेले आहे, आणि जेथे पिण्याच्या पाण्यासाठी पंचगंगेनंतर कृष्णा, वारणा, दूधगंगा अशा एकेका नदीकडे आशेने पाहावे लागले, तेथे या लाभाचे मोल वेगळे सांगायला नको. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. इचलकरंजीत वाचलेल्या रंगाचा लाभ खालच्या गावांनाही होतो.

पानिपतची शिकवण

पानिपत म्हटले की मराठी मनाला १७६१ आठवते. कापडाच्या जगात मात्र ते नाव आज चिंधीमुळे प्रसिद्ध आहे. देशविदेशातून आलेले जुने लोकरी आणि सुती कपडे तेथे फाडले जातात आणि त्यांची घोंगडी, ब्लँकेटे, सतरंज्या होतात. मोठ्या गोदामांत बसलेल्या स्त्रिया रंगांचे ढीग लावतात, बटणे व अस्तर कापून काढतात. दक्षिणेत तिरुप्पूरच्या होजिअरी कतरणीपासूनही असेच रंगीत सूत तयार होते.

ही कला मुळात नवी नाही. इंग्लंडमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास जुनी लोकर फाडून तिचे नवे कापड केले. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे काहींनी नफ्यासाठी त्यात इतकी भेसळ केली, की इंग्रजीत ‘शॉडी’ हा शब्दच निकृष्ट मालासाठी रूढ झाला. इटलीतील प्रातो शहराने तोच धंदा निगुतीने केला. तेथील जाणकार नुसत्या स्पर्शाने लोकरीची जात ओळखतात, रंगांच्या शेकडो छटा वेगळ्या ठेवतात आणि त्या मिसळून हवी ती छटा साधतात. प्रातोच्या कापडाला म्हणूनच आजही मान आहे. दोन्ही ठिकाणी माल तोच होता आणि यंत्रेही तशीच होती. फरक पडला तो निवडीने आणि प्रामाणिकपणाने.

पानिपत एक धोक्याची सूचनाही देते. चिंधी फाडताना उडणारी तंतूंची धूळ कामगारांच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ हा श्वासाचा रोग गिरणी कामगारांत पूर्वापार माहीत आहे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, मुखपट्टी आणि नियमित तपासणी यांविना हा उद्योग उभारला, तर नदी वाचवताना माणूस गमावल्यासारखे होईल.

कोठे गाडे अडते

मिश्र धागा ही या चक्रातील मोठी आडकाठी आहे. एकेकाळी शुद्ध सुती कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या इचलकरंजीतही आता पॉलिस्टरचे मिश्रण सर्रास आले आहे. सूत आणि पॉलिस्टर एकाच धाग्यात पिळले गेले, की ड्रमाचे दात त्यांना वेगळे करू शकत नाहीत. ताणले जाणारे स्पॅन्डेक्स थोडेसे जरी असले, तरी फाडणीत ते चिवटपणे अडकते. बाजारात ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ म्हणून जे विकले जाते, ते जवळजवळ सारे प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेले असते, जुन्या कपड्यांपासून नव्हे, हेही ग्राहकाने जाणून घ्यावे.

रसायनशास्त्राने दुसरी वाट काढली आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज. तो विरघळवून त्याचा नवा, लांब तंतू काढता येतो. ऑस्ट्रियातील लेन्झिंग आणि आपल्याकडील बिर्ला समूह या कंपन्या सुती कतरणीचा अंश वापरून असे तंतू बनवतात. पण हा मार्गही निर्वेध नाही. स्वीडनमधील रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारा भव्य कारखाना सुरू केला. पुरेशी मागणी न आल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला दिवाळखोरी जाहीर करावी लागली, आणि पुढे तो व्यवसाय नव्या मालकांकडे गेला. केवळ उत्तम तंत्र असून भागत नाही. त्याचा माल विकत घेणारा आणि त्याला सतत योग्य कच्चा माल पुरवणारा, असे दोघेही असावे लागतात.

पोत्याचे चार भाग

मग इचलकरंजीने काय करावे? येथे अडचण आहे ती छोट्या मागवाल्याची. शहरात आठ-दहा मागांचे असंख्य कारखाने आहेत. त्यांतील कित्येकजण ‘खर्चीवाले’, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन पिकावर मजुरी ठरवून विणून देणारे. विजेचे बिल आणि कामगारांचा पगार सांभाळता सांभाळता त्यांची दमछाक होते. महिन्याला जमणारी चार-दोन पोती निवडून त्यांचा चांगला भाव मिळवण्याइतका वेळ आणि माल एकट्यादुकट्याकडे नसतो. म्हणून सगळे एकत्र भरले जाते आणि मिळेल त्या भावाला जाते. पांढऱ्या शुद्ध सुती दशीत मूठभर रंगीत पॉलिस्टर पडले, की साऱ्या पोत्याचा भाव त्या मुठीच्या पातळीवर उतरतो.

यावरचा उपाय या मातीला अनोळखी नाही. ऊस असो, दूध असो वा सूत, जे एकट्याला जमत नाही ते दहाजणांनी मिळून करायचे, हे कोल्हापूर जिल्ह्याने देशाला दाखवून दिले. तोच सहकार दशीपर्यंत नेता येईल. प्रत्येक कारखान्यात एका पोत्याऐवजी चार पोती असावीत : पांढरे सुती, रंगीत सुती, पॉलिस्टर आणि मिश्र. खळ लावलेला कडक ताणा शक्य असेल तेथे वेगळा ठेवावा. गल्लीगल्लीतून हा निवडलेला माल एका ठिकाणी जमा झाला, तर तो टनाने विकता येईल, आणि पुढे सहकारी तत्त्वावर फाडणी व ओपन-एंड कताई गावातच उभारण्याचा विचार करता येईल. सूत ज्या गावी उरले, त्याच गावी पुन्हा मागावर चढेल.

जो तंतू कातण्यापलीकडे आखूड झाला, त्यालाही वाटा आहेत. न विणता तंतू एकत्र दाबून केलेल्या कापडाचे, म्हणजे ‘नॉनवोव्हन’चे, केंद्र सरकारच्या साहाय्याने उभारलेले उत्कृष्टता केंद्र डीकेटीईतच आहे. गाद्यांचे थर, मोटारींतील अस्तर, आवाज रोखणारे पडदे अशा वस्तूंत आखूड तंतू चालतो. त्याहूनही शेवटचा टप्पा कागदाचा. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून टिकाऊ कागद करून दाखवला आहे.

बाहेरचे जगही याच दिशेने वळते आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून वस्त्र-कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. परदेशी खरेदीदार पुनर्निर्मित तंतूचे प्रमाणपत्र मागू लागले आहेत, आणि असे प्रमाणपत्र मिळवायचे तर मालाचा माग त्याच्या उगमापर्यंत दाखवावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ हा शब्द आहे. ज्याच्याकडे निवडलेल्या पोत्याची नोंद आहे, त्याला उद्याची बाजारपेठ खुली होईल.

घरच्या कपाटातून

हा विषय केवळ कारखानदारांचा नाही. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात जमीन, सोने, धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ही मोजायला सांगितले आहे, आणि त्यात वस्त्रे येतात. घरात किती कपडे असावेत याला मर्यादा असावी, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पुनर्निर्मितीची सोय झाली म्हणून खरेदी वाढवली, तर चक्र फिरले असे होणार नाही, केवळ ढीग वाढेल. एक किलो कापसामागे जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. त्यामुळे जो सदरा आणखी दोन वर्षे वापरला, त्याने कोणत्याही यंत्राहून अधिक पाणी वाचवले.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी कपडा पुरेपूर वापरावा. उसवला तर शिवावा, आखूड झाला तर धाकट्याला द्यावा. वापरण्याजोगा असेल तर स्वच्छ धुऊन, घडी घालून गरजूला द्यावा, कारण दान ही अडगळ काढण्याची सोय नव्हे. त्यानंतर त्याची वाकळ, पिशवी, पायपुसणे करावे. यांतले काहीच शक्य नसेल, तरच तो चिंधीत टाकावा, आणि टाकताना बटणे व चेन काढून, कोरडा, सुती वेगळा आणि मिश्र वेगळा असा टाकावा. सुती आहे की नाही याची शंका आली, तर एक सुटा धागा काळजीपूर्वक ज्योतीला लावून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते आणि पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. ओळखीच्या शिंप्याला कतरणीसाठी दोन पिशव्या ठेवायला सुचवणे हेही सहज जमण्यासारखे आहे.

नवा कपडा घेताना एकदा लेबल वाचावे. एकाच जातीच्या तंतूचे कापड निवडले, तर त्या कपड्याला पुढचा जन्म मिळण्याची शक्यता खरेदीच्या क्षणीच वाढते.

इचलकरंजीत संध्याकाळची पाळी बदलते, तेव्हा जाणारा कामगार मागाखालचा धागा गोळा करून कोपऱ्यात टाकतो. हे काम तो वर्षानुवर्षे करीत आला आहे, आणि त्यात नव्याने घालायची आहे ती एवढीच गोष्ट : पांढरे या पोत्यात, रंगीत त्या पोत्यात. हा हात वळण्याला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांचे मोल कामगाराच्याही पदरात पडेल अशी व्यवस्था मालकांनी आणि संस्थांनी केली, तर मागाखाली पडलेली दशी एक दिवस त्याच मागावर ताणा होऊन परत येईल.